ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तापमानाचा सेन्सर: जागा, फिटिंग आणि वायरिंग

प्रश्न असा आहे: टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे देणारी) ऑटोमॅटिक गाडी आहे, मागे ट्रेलर लावून चढाच्या रस्त्यांवर न्यायची आहे, पण डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचं तापमान दिसत नाही. मग सेन्सर ऑइल पॅनला बसवावा की कूलरच्या लाइनला, आणि तो नीट कसा बसवावा?

ड्रिल हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट तपासा. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असलेल्या जवळपास प्रत्येक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइलच्या तापमानाचा सेन्सर कंपनीनेच दिलेला असतो. तो व्हॉल्व्ह बॉडीवर (ऑइलचा दाब वेगवेगळ्या क्लचकडे वळवणाऱ्या भागावर) किंवा आतल्या वायरिंगमध्ये बसलेला असतो. गिअर कधी टाकायचा आणि लॉकअप क्लच (कन्व्हर्टरची घसरण थांबवून त्याला थेट जोडणारा) कधी धरायचा, हे ठरवताना कंट्रोलर त्याचा आकडा बघतो. तो आकडा ओबीडी पोर्टमधून (स्कॅनर लावायच्या सॉकेटमधून) बाहेर काढता येतो, पण साध्या अ‍ॅपला तो बहुधा दिसत नाही, कारण तो उत्पादकाच्या खास कोडमध्ये असतो. तुमच्या मॉडेलचे कोड ओळखणारा स्कॅनर मिळाला, तर एकही भोक न पाडता पॅनमधल्या ऑइलचं तापमान हाती येतं. तसं असेल तर वेगळा सेन्सर फक्त कूलरच्या लाइनवर बसवायचं कारण उरतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: कंपनीच्या त्या सेन्सरच्या वायरला टॅप मारून तिथून गेज चालवणं. कंट्रोलर एका रेझिस्टरमधून त्या वायरला ५ व्होल्ट देतो आणि सेन्सरवर पडणारा व्होल्टेज मोजतो. त्यात गेजचा भार शिरला की कंट्रोलरला चुकीचं तापमान दिसतं. मग शिफ्ट बिघडतात, लॉकअप चुकीच्या वेळी लागतो, आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो.

आता जागेचा प्रश्न. सेन्सर जिथे बसवाल, त्यावर त्या आकड्याचा अर्थ ठरतो, म्हणून आधी ऑइलचा रस्ता समजून घ्या. पंप पॅनमधून ऑइल खेचतो आणि व्हॉल्व्ह बॉडी, क्लच व टॉर्क कन्व्हर्टरकडे पाठवतो. कन्व्हर्टरमधून निघालेलं ऑइल कूलरकडे जातं, तिथून परत येऊन ल्युब्रिकेशन करत पॅनमध्ये उतरतं. लॉकअप सुटलेला असताना कन्व्हर्टरमध्ये जी घसरण (दोन बाजूंच्या वेगातला फरक) होते, तिची सगळी उष्णता कन्व्हर्टरमधल्या ऑइलमध्ये जाते. म्हणून कूलरकडे जाणारी लाइन सगळ्यात गरम आणि सगळ्यात चंचल असते. चढावर कमी वेगात भार ओढताना ती पॅनपेक्षा ३० ते ४० अंशांनी वर जाऊ शकते आणि लॉकअप लागला की मिनिटाभरात खाली येते. पॅनमध्ये ऑइलचा मोठा साठा असतो, त्यामुळे तिथला आकडा सावकाश चढतो आणि सावकाशच उतरतो. परतीच्या लाइनवरचा आकडा सांगतो तो कूलरच्या कामाबद्दल; गिअरबॉक्सच्या तब्येतीबद्दल तो फारसं काही सांगत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. एकच सेन्सर बसवणार असाल तर तो पॅनला बसवा. क्लचच्या प्लेट्स, सील आणि व्हॉल्व्ह बॉडी यांना मिळतं ते पॅनमधलं ऑइल, आणि तापमानाच्या ज्या मर्यादा सांगितल्या जातात त्या बहुतेक पॅनच्याच असतात. दुसरा बसवायची तयारी असेल तर तो कूलरकडे जाणाऱ्या गरम लाइनवर टाका. चढावर पाय कधी आवरायचा हे तो सगळ्यात आधी सांगतो. फक्त परतीच्या लाइनवर सेन्सर लावून निश्चिंत होणं ही फसवणूक आहे. तिथे ८५ दिसत असताना कन्व्हर्टरमधून १४० अंशांचं ऑइल बाहेर पडत असू शकतं.

चौथी जागा बऱ्याच जणांना सोपी वाटते: केसवरचं प्रेशर टेस्ट पोर्ट. प्लग काढला आणि सेन्सर बसवला, ना पॅन उतरवायचा ना लाइन कापायची. पण त्या पोर्टमध्ये ऑइल वाहत नाही, नुसतं दाबाखाली उभं असतं. सेन्सरला बरंचसं केसच्या धातूचं तापमान कळतं, तेही उशिरा. शिवाय लाइन प्रेशरच्या पोर्टवर रिव्हर्समध्ये २० बारच्या आसपास दाब जाऊ शकतो, म्हणून तेवढा दाब सोसणाराच सेन्सर लागतो. केस अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि पोर्टच्या भोवतीची भिंत पातळ. निमुळत्या आट्यांचा सेन्सर अर्धा फेरा जास्त पिळला तरी ती तडकू शकते, आणि मग केसच बदलावा लागतो. दुसरा मार्गच नसेल तर हा पर्याय, एरवी नको.

खरेदी करताना आटे नीट ओळखा. बाजारातले बरेच सेन्सर १/८ एनपीटी (अमेरिकन पाइपच्या) आट्यांचे असतात: इंचाला २७ आटे, निमुळते, कोन ६० अंशांचा. दिसायला अगदी तसेच १/८ बीएसपी (ब्रिटिश पाइपचे आटे) असतात, पण त्यांचे इंचाला २८ आटे आणि कोन ५५ अंशांचा. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या भोकात दोन-तीन फेरे सहज जातो, मग अडकतो. तिथे जोर लावला की आटे गेलेच. मेट्रिकमध्ये एम१० गुणिले १ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) सेन्सर मिळतात. ते बहुधा सरळ आट्यांचे असतात आणि वॉशरवर सील होतात. पिच गेज लावून खात्री केल्याशिवाय पाना लावू नका.

पॅनचं काम सविस्तर सांगतो, कारण खरी मेहनत तिथेच आहे. पॅन कशाचा आहे ते आधी पाहा. प्लॅस्टिकचा असेल, जसा झेडएफच्या ६एचपी आणि ८एचपी गिअरबॉक्सना येतो आणि ज्यात फिल्टर पॅनमध्येच असतो, तर त्याला हात लावू नका. लाइनचा पर्याय घ्या. पत्र्याचा असेल तर पत्र्यातच आटे पाडायचा मोह टाळा. पत्रा जाडीला मिलिमीटर-दीड मिलिमीटर असतो आणि १/८ एनपीटीचा पिचच ०.९४ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दीड आटा पकडणार. तिथे आतून आटे पाडलेला स्टीलचा बुश वेल्ड करावा लागतो. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनला कधीकधी जाड भाग ठेवलेला असतो. तिथली भिंत ८ ते १० मिलिमीटर असेल तर सरळ भोक पाडून टॅप मारता येतो. १/८ एनपीटीला ८.६ ते ८.७ मिलिमीटरचं ड्रिल चालतं. टॅप निमुळता असल्याने पूर्ण आत घालायचा नाही. थोडा मारा, सेन्सर लावून बघा, पुन्हा थोडा मारा. हाताने तीन-साडेतीन फेरे जाऊन सेन्सर घट्ट व्हायला लागला की थांबा.

भोक कुठे पाडायचं? पॅनच्या उभ्या भिंतीत, खालच्या अर्ध्या भागात. टोक सतत ऑइलात बुडालेलं हवं, आणि इंजिन चालू असताना पॅनमधली पातळी बंद गाडीपेक्षा खाली असते हे लक्षात ठेवा. गिअरबॉक्स लांबीच्या दिशेने बसलेला असेल तर पॅनची मागची भिंत उत्तम. चढावर ऑइल मागे सरकतं, म्हणजे तापमान ज्या वेळी सगळ्यात महत्त्वाचं, त्याच वेळी सेन्सर नक्की बुडालेला राहतो. मागच्या बाजूला दगडही थेट बसत नाहीत. सायलेन्सरच्या पाइपाकडची बाजू टाळा. तिथली झळ सेन्सरच्या अंगाला आणि वायरला लागते.

आतली मोकळी जागा अंदाजाने ठरवू नका. सेन्सरचं टोक साधारण २० ते २५ मिलिमीटर आत येतं, आणि आत फिल्टर व व्हॉल्व्ह बॉडी असतात. पॅन उतरवल्यावर ठरवलेल्या जागी आतून मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा चिकटवा, पॅन दोन-चार बोल्टवर लावा, पुन्हा काढा. गोळा किती दबला त्यावरून जागा कळते. टोकाभोवती निदान ५ मिलिमीटर मोकळी हवीच. पॅन गाडीला लावलेला असताना ड्रिल मारणं म्हणजे धातूचा चुरा थेट व्हॉल्व्ह बॉडीच्या तोंडाशी नेऊन ठेवणं. ड्रिलला ग्रीस लावलं म्हणून चुरा आत जात नाही असं नाही. पॅन उतरवायचाच.

वेल्डिंगच्या आधी भोकाभोवतीचा रंग बाहेरून आणि आतून साफ घासून काढा, चुंबक काढून ठेवा, पॅन थिनरने धुऊन पूर्ण वाळवा. वेल्डिंगमध्ये पॅनची कड वाकते आणि नंतर गॅस्केट कितीही भारी घातलं तरी गळत राहतं. म्हणून पॅन एखाद्या जाड सपाट प्लेटवर त्याच्याच बोल्टच्या भोकांतून आवळून धरायचा, समोरासमोर छोटे टाके मारायचे, मध्ये थंड होऊ द्यायचं, मग टाके जोडायचे. टिग वेल्डिंग असेल तर उत्तम. झाल्यावर कडेला सरळ पट्टी लावून वाक तपासा.

गळतीची परीक्षा गाडीखाली करण्यापेक्षा टेबलावर करा. वेल्डवर बाहेरून खडू फासा, बुशमध्ये प्लग लावा आणि आतून रॉकेल ओता. रॉकेल पातळ असतं, बारीकशा छिद्रातूनही झिरपतं. अर्ध्या तासात पांढऱ्या खडूवर ओला डाग उमटला तर तिथे पुन्हा टाका मारायचा. ही परीक्षा पास झालेला पॅन नंतर त्रास देत नाही.

ड्रेन प्लगच्या जागी बसणारे सेन्सर मिळतात. काम झटपट होतं, पण तीन गोष्टी बघा. प्लग पॅनच्या सगळ्यात खाली असेल तर खडबडीत रस्त्यावर दगड किंवा गतिरोधक सेन्सरच मोडेल आणि सगळं ऑइल रस्त्यावर जाईल. तळाचा गाळ टोकावर साचतो. आणि बऱ्याच सीलबंद गिअरबॉक्समध्ये त्याच जागी ऑइलची पातळी ठरवणारी उभी नळी असते. तिथे सेन्सर घातला तर पातळी तपासायची सोयच जाते.

आटे सील करताना कमी ते चांगलं. एनपीटीला ऑइल चालणारी पीटीएफई पेस्ट पातळ लावा आणि पहिले दोन आटे कोरडे ठेवा. टेपचे धागे सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतात, म्हणून टेप नको; सिलिकॉन तर नकोच. हाताने घट्ट झाल्यावर अ‍ॅल्युमिनियममध्ये एक ते दीड फेरा, बस. सरळ आट्यांच्या सेन्सरला नवा वॉशर. पॅनचे बोल्ट टॉर्क पान्याने समोरासमोर आवळा. बहुतेक गाड्यांत हा टॉर्क ८ ते १२ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, तरी मॅन्युअलमधला आकडाच धरा. जास्त आवळलं की बोल्टच्या भोकांपाशी कड खोलगट होते आणि दोन बोल्टच्या मधून गळती सुरू होते.

आता लाइन. दोनपैकी गरम कोणती हे अंदाजाने ठरवू नका. थंड गाडी चालू करा, ब्रेक दाबून एकेक गिअरमध्ये घ्या आणि कोणती लाइन आधी तापते ते पाहा. तीच कूलरकडे जाणारी. पार्कमध्ये ठेवून तपासू नका, कारण क्रायस्लरच्या काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कला कन्व्हर्टरकडे ऑइलच जात नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर कमी आकडा दाखवतो, म्हणून मोजायच्या जागी काळ्या टेपची पट्टी चिकटवून मग मोजा.

टी-जोड घेताना त्याचं अंतर्गत भोक लाइनइतकं तरी हवं. लाइन साधारण ८ किंवा ९.५ मिलिमीटरची असते, आणि अशा अरुंद नळीत सेन्सरचं टोक घुसलं की प्रवाहच अडतो. कूलरचा प्रवाह कमी झाला तर मोजायला निघालेलं तापमान तुम्हीच वाढवून ठेवाल. उलट टोक टीच्या फांदीत मागे राहिलं, तर त्याच्याभोवती साचलेलं ऑइल असतं आणि आकडा १०-१५ अंश कमी दिसू शकतो. टोक प्रवाहात हवं आणि त्याच्या भोवती वाट मोकळी हवी. म्हणून मध्ये फुगीर पोट असलेला अ‍ॅडॉप्टर साध्या टीपेक्षा बरा. स्टीलची लाइन ट्यूब कटरने कापा, करवतीने नाही, नाहीतर कीस आत जातो. कापलेल्या टोकाला फुगवटा काढल्याशिवाय होज चढवू नका. गुळगुळीत नळीवरून दाबाखाली होज निसटतो. होज ट्रान्समिशन कूलरसाठीचाच घ्या, एसएई जे१५३२ असं त्यावर छापलेलं असतं. पेट्रोलचा होज गरम ऑइलमध्ये कडक होतो आणि चिरतो.

वायरिंगमधल्या चुका यांत्रिक चुकांपेक्षा जास्त छळतात. बहुतेक सेन्सर एनटीसी असतात: तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होतो. म्हणजे वाटेत कुठेही जोड सैल झाला, गंज आला, अर्थ (बॉडीशी असलेला विजेचा जोड) नीट नसला, तर जादा रेझिस्टन्स जोडला जातो आणि गेजला ऑइल थंड वाटतं. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला झुकते. साध्या अ‍ॅनालॉग गेजच्या सेन्सरचा रेझिस्टन्स गरम असताना शंभर ओहमपेक्षाही बराच कमी असतो, त्यामुळे अर्थमधला दोन-तीन ओहमचा दोषही बरेच अंश खातो. एक वायरचा सेन्सर स्वतःच्या अंगातून अर्थ घेतो. आट्यांवर पेस्ट भरपूर थापली, पॅनला रंग लावला आणि बोल्टखाली रबर गॅस्केट असलं की तो अर्थ भरवशाचा राहत नाही. शक्यतो दोन वायरचा सेन्सर घ्या आणि त्याची अर्थ वायर गेजच्या अर्थच्या त्याच बिंदूला न्या.

स्वतः मायक्रोकंट्रोलर लावून डिजिटल गेज करणाऱ्यांसाठी: २५ अंशांना १० किलोओहम आणि बीटा (तापमानाबरोबर रेझिस्टन्स किती झपाट्याने बदलतो ते सांगणारा आकडा) ३९५० असलेला एनटीसी १०० अंशांना साधारण ७०० ओहमवर येतो. सगळीकडे दिसतो तसा १० किलोओहमचा पुलअप (५ व्होल्ट आणि सेन्सर यांच्यामधला रेझिस्टर) लावला, तर ५ व्होल्टवर ९० ते १३० अंशांचा सगळा पट्टा ०.४३ ते ०.१५ व्होल्टमध्ये आवळून जातो आणि आकडा थरथरतो. १ किलोओहमचा पुलअप लावा. तोच पट्टा २.४ ते १.२ व्होल्टमध्ये पसरतो.

वायर ०.५ ते ०.७५ चौरस मिलिमीटरची, उष्णता सोसणाऱ्या क्रॉसलिंक्ड इन्सुलेशनची. गिअरबॉक्स माउंटिंगवर हलतो, म्हणून सेन्सरपाशी थोडी सैल वळी ठेवूनच पहिला क्लिप मारा. ताणलेली वायर क्रिंपपाशीच तुटते. जोड क्रिंप करून आत गोंद असलेली हीटश्रिंक चढवा. फायरवॉलमध्ये नवं भोक पाडण्यापेक्षा असलेल्या ग्रोमेटमधून वायर घ्या. गेजला इग्निशनवर येणारी लाइन आणि २ ते ३ अँपिअरचा फ्यूज. हेडलाइट लावल्यावर काटा हलला तर अर्थ तपासा. एनटीसीला वायर तुटली की काटा तळाला बसतो आणि वायर बॉडीला टेकली की टोकाला जातो. सेन्सर बदलण्याआधी एवढं बघा.

सेन्सर बसवण्याआधी गेजसकट उकळत्या पाण्यात तपासून घ्या. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. साधारण दर ३०० मीटर उंचीला एक अंश कमी धरा. भांड्याच्या तळाला टोक टेकू देऊ नका. दोन-तीन अंशांचा फरक चालेल, दहाचा नाही.

ऑइल भरताना जितकं निघालं तितकं मोजून घाला. पॅन उतरवल्यावर एकूण ऑइलचा निम्म्याहून कमी भागच निघतो, बाकीचं बहुतांश कन्व्हर्टरमध्ये राहतं. ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच, सीव्हीटीला सीव्हीटीचंच. अनेक सीलबंद गिअरबॉक्समध्ये पातळी इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून, ऑइल ठरावीक तापमानाला असताना तपासतात. बऱ्याचदा ते ३५ ते ५० अंशांच्या दरम्यान असतं. इथे नवा सेन्सर पहिल्याच दिवशी उपयोगी पडतो. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर फिरणारे भाग ते घुसळतात. दोन्हींत फेस होतो आणि तापमान वाढतं. सेन्सर बसवल्यावर आकडे जास्त यायला लागले तर आधी पातळीच बघा.

पॅनमध्ये ८० ते ९५ अंश नेहमीचे. थर्मोस्टॅट असलेले नवे गिअरबॉक्स मुद्दामच थोडे गरम चालतात. भार ओढताना १०५ पर्यंत काळजी नाही, ११५ ला पाय आवरा, १२० च्या वर थांबायची जागा शोधा. १३० ला सील कडक व्हायला लागतात, १५० ला क्लच प्लेट्स जातात. ८० च्या पुढे दर १० अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं, हा जुना ठोकताळा ढोबळ असला तरी ऑइल बदलायचं अंतर ठरवायला पुरतो. गरम लाइनवर चढात थोडा वेळ १४० दिसलं आणि लॉकअप लागल्यावर उतरलं तर घाबरू नका. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगातही ती लाइन खाली येत नसेल, तर लॉकअप लागत नाहीये असं समजून तपासणी करा.

चढावर आकडा वाढत चालला तर खालचा गिअर हाताने घ्या, म्हणजे कन्व्हर्टरमधली घसरण कमी होते. थांबावं लागलं तर इंजिन बंद करू नका. बंद केलं की पंप थांबतो आणि कूलरकडे ऑइल जात नाही. न्यूट्रलमध्ये हँडब्रेक लावून, चाकांना दगड लावून, १२०० ते १५०० आरपीएमवर काही मिनिटं चालू ठेवा; गरम लाइन आधी उतरेल, पॅन मागून.

ड्राय ड्युअल क्लच (दोन कोरडे क्लच) किंवा एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप चालवणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) गाडीला हे काहीच लागू नाही. तिथे तापतो तो कोरडा क्लच, आणि गिअरबॉक्समधल्या ऑइलचं तापमान त्याबद्दल काहीच सांगत नाही. तिथे कंट्रोलरमधला क्लचच्या तापमानाचा आकडा स्कॅनरवर वाचता येतो का ते पाहा.